आजच्या दोरापुरतं बळ

फार फार वर्षांमागची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांमागची, ते कोळवणीत कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं, आजोबांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. कुणी म्हणतं, त्याच्याही आधीची. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. तेव्हा गावाला एकच विहीर होती, ती चैत्र सरला की आटायची, आणि सिलासबाबाच्या हातच्या दोरासारखा दोर चार गावांत मिळत नव्हता.

दोर वळणं हे सिलासच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं काम. गावच्या विहिरीत त्यांचा दोर चाले, त्यांचा हात मात्र चालत नसे. त्यांच्या घागरीत कुणीतरी वरून पाणी ओतायचं, तेही त्याला वेळ मिळेल तेव्हा. सिलासच्या वडिलांनी येशूचं नाव घेतलं, वस्तीच्या कडेला मातीच्या भिंतींचं लहानसं देऊळ उभं राहिलं, त्यावर बाभळीच्या लाकडाचा क्रूस लागला. विहिरीचा नियम काही बदलला नाही. पण रविवारी त्या देवळात भजन सुरू झालं की पाटलाच्या वाड्यापर्यंत ऐकू जायचं, आणि त्यात सगळ्यांत वर आवाज असायचा सिलासच्या बायकोचा, सगुणेचा.

दोर कसा वळतात हे आता कुठं पाहायला मिळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगायला हवं. शेताच्या कुंपणाला केकताड असतं, त्याची लांब काटेरी पानं कापायची. मोळ्या बांधून ओढ्याच्या डोहात कुजत घालायची. पंधरा-वीस दिवसांनी काढून बडवायची, धुवायची, वाळवायची. मग हाती येतो तो वाख, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखा पांढरा. अंगणाच्या एका टोकाला लाकडी चाक रोवलेलं असतं, त्याला पुढं लोखंडी आकडा आणि मागं फिरवायला मूठ. एक माणूस मूठ धरून बसतो. दुसरा वाखाची जुडी काखेत घेतो, चार तंतू आकड्याला अडकवतो आणि मागं मागं चालू लागतो. मूठ फिरत राहते, पीळ पडत जातो, चालणारा वाख सोडत जातो. असे तीन पदर झाले की तिन्ही एकत्र करून उलटा पीळ द्यायचा. एका दोरासाठी चार वेळा असं मागं चालावं लागतं.

सगुणा मूठ धरायची. सिलास मागं चालायचा. बाकीच्या धंद्यांत माणूस कामाला निघाला की घराकडं पाठ करतो. सिलासचं तसं नव्हतं. तो जितका लांब जायचा तितका वेळ त्याच्या डोळ्यांसमोर सगुणाच असायची.

सकाळी ऊन अंगणात उतरलं की ती मुठीवर हात ठेवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, आजच्या दोरापुरतं बळ दे. उद्याचं उद्या मागू." पलीकडच्या टोकाहून सिलास म्हणायचा, "आमेन." बस, एवढीच त्यांची प्रार्थना. बोलायची तिनं, आमेन त्याचं. बावीस वर्षांत त्यात बदल झाला नाही. सिलास तसा अबोल. देवाशी बोलायचं काम सगुणा करतेच आहे, मग आपण आणखी काय बोलायचं, असं त्याला वाटे.

मग काम सुरू झालं की ती लांबून ओरडायची, "आवं, पाय उचला की! दोर करायचाय, शेवया न्हाईत."

"तू फिरव गुमान. हात दुखायला लागला म्हणून बोलतीस."

"माझा हात दुखला तर तुमचा दोर आखडंल, ध्यानात ठेवा!"

आणखी एक रीत होती. विहिरीचा दोर असला की तो गावाला देण्याआधी वळणाऱ्या दोघांनी तो कडुलिंबाच्या फांदीला बांधायचा आणि दोघांनी मिळून त्याला लोंबकळायचं. दोघांचा भार पेलला तर दोर खरा. सगुणा लुगडं खोचून लोंबकळायची, फांदी करकरायची, दोघं हेलकावे खायचे, आणि वस्तीतली सगळी माणसं तोंडाला पदर लावून हसायची. मूल नव्हतं त्यांना. पण दोर चांगला उतरला त्या दिवशी त्या घरात सणासारखं वाटे, असं म्हणतात.

मग एका वर्षी पाऊस आला आणि नुसता तोंड दाखवून गेला. त्याच हिवाळ्यात सगुणेला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. देवळामागं ओढ्याच्या वाटेवर तिला माती दिली. वस्तीत मिशनच्या शाळेचे नथानिएल मास्तर होते, त्यांनी प्रार्थना केली. शेवटी सगळे आमेन म्हणाले. सिलासच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आठ दिवसांनी सिलास पुन्हा अंगणात उतरला. मास्तर म्हणाले, "शाळेआधी तासभर मी मूठ धरतो, सिलास. नाहीतर आमची मंडळी येईल."

"नको मास्तर. ती मूठ तिची हाय."

"अरे, पण एकट्यानं दोर वळता येतो का?"

"वळीन कसातरी."

त्यानं चाकाला पाचर ठोकली, म्हणजे आकडा जागचा हलू नये. वाख आकड्याला अडकवून तो मागं चालायचा आणि आपल्याच टोकाकडून तळव्यांनी पीळ घालायचा. तळव्यांची सालं निघायची. दिवसभरात शेळीचं एक दावं व्हायचं. सकाळी अंगणात कुणी प्रार्थना करत नव्हतं, म्हणून आमेनही नव्हतं. रविवारी तो देवळात जायचा, मागं भिंतीला टेकून बसायचा, भजनात तो एक आवाज ऐकू येतो का ते बघायचा आणि उठून यायचा.

एका सकाळी ती पाचर गळून पडली. सिलास वीस हातांवर उभा होता, दोन्ही तळव्यांत पीळ घालत होता, आणि त्यानं पाहिलं, मूठ फिरतेय. आपोआप. सावकाश, अगदी सगुणा फिरवायची तशी.

तो जागीच थांबला. मूठ थांबली. त्यानं पुन्हा पीळ घातला. मूठ पुन्हा फिरली.

त्या दिवसापासून त्यानं पाचर ठोकली नाही. आता तो लवकर उठू लागला. अंगण झाडून घ्यायचा, चाकापुढं पाणी शिंपडायचा, मुठीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायचा. मग लांब जाऊन उभा राहायचा आणि मूठ फिरताना बघत बसायचा. दोर वळायचा तो मूठ फिरावी म्हणून. लोकांनी पाहिलं की माणसाच्या चेहऱ्यावर जरा कळा आली आहे. कुणी म्हणालं, देवानं त्याला शांती दिली. कुणाला काय ठाऊक, की तो रोज कुणाची वाट बघत उभा आहे. त्याच्या दाव्यांना पहिल्यासारखा पीळ राहिला नव्हता. पण शेळी काही बोलत नाही.

त्या उन्हाळ्यात जुनी विहीर फाल्गुनातच कोरडी पडली. गावानं ओढ्याकडेला नवी विहीर खणायला घेतली आणि माळावर उतरलेल्या वडारांना बोलावलं. त्यांच्यात नागव्वा नावाची म्हातारी होती, तिचे दोन मुलगे, थोरला तिम्मा आणि धाकटा हणमा. तिम्मा रोज खाली उतरायचा. तीस हातांवर काळा खडक लागला. पाटलानं सिलासला सांगावा धाडला, "साठ हात दोर पाहिजे. माणूस आणि मालाची पाटी, दोन्हींचा भार पेलला पाहिजे. आठ दिवसांत दे."

मास्तर पुन्हा आले. "ह्या वेळी तरी कुणाला मूठ धरू दे. ह्या दोरावर माणूस उतरणार आहे."

सिलास म्हणाला, "हाय मूठ धरायला. तुमी काळजी करू नगा."

मास्तरांना वाटलं, कुणीतरी ठरवलं असेल. ते परत गेले.

आठ सकाळी सिलासनं तो दोर वळला. आठही सकाळी मूठ फिरत होती. दोर दिसायला देखणा उतरला. लिंबाच्या फांदीला बांधून तो एकटाच त्याला लोंबकळला. एका माणसाचा भार दोरानं पेलला. क्षणभर त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग दोर सोडून खांद्यावर टाकला आणि विहिरीवर नेऊन दिला.

पाच दिवस दोर चालला. सहाव्या दिवशी दुपारी तिम्मा वर येत होता. शेजारी दगडांनी भरलेली पाटी. खाली खडकाच्या भेगेतून ओल दिसली होती, म्हणून तो वर बघत हसत ओरडत होता, "लागलं! आणखी दोन हात!" आणि वरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत दोर मधोमध उलगडला. तुटला म्हणण्यापेक्षा उलगडला, जशी वेणी सुटते तसा.

तिम्मा खाली चिखलावर पडला म्हणून वाचला. बैलगाड्यांचे कासरे एकमेकांना बांधून त्याला वर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "येशूचा दोर तुटला म्हणायचा!" दोघं-तिघं हसले. पाटलानं त्यांच्याकडं रागानं पाहिलं.

सिलास विहिरीच्या काठावर बसला होता. दोराचं तुटलेलं टोक त्याच्या हातात होतं. त्यानं ते बोटांनी चाचपलं आणि त्याला सगळं कळलं. खरं तर ते त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. दोरवळ्याच्या पोराला सातव्या वर्षी कळतं. आकडा मोकळा सोडला तर आपण घातलेला पीळ दुसऱ्या टोकानं निघून जातो. जाता जाता मूठ फिरवून जातो.

"तितं कुणी नव्हतं," तो म्हणाला. "माझाच पीळ पळून जात व्हता. तितं कुणीच नव्हतं."

लोकांना वाटलं, माणूस भ्रमला.

तो घरी गेला आणि आतून कडी लावून पडून राहिला. रविवार आला, तो देवळात गेला नाही. मास्तरांनी दार वाजवलं तेव्हा आतूनच बोलला.

"मास्तर, ती मेली तेव्हा मी रडलो न्हाई. मला वाटलं, ती हाय. आता दोनदा मेली."

"प्रार्थना कर, सिलास."

 मग तो म्हणाला, "मला निस्तं आमेन येतं. त्याच्या आधीचं येत न्हाई."

मास्तर शिकलेले होते, चार गावांत उपदेश करायचे. पण त्या दिवशी दाराबाहेरच्या ओट्यावर ते संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहिले, असं म्हणतात.

इकडं गावात पाणी संपलं होतं. ओल लागलेली विहीर तशीच पडून होती. परगावच्या दोरवळ्याला बोलावणं धाडलं होतं. तो येणार कधी, दोर होणार कधी? लोकांनी गाड्या जुंपायची तयारी केली. नात्यातल्या गावांना, नदीकाठाला, जिथं पाणी असेल तिथं जायचं. एकदा गाव उठलं की परत बसतं का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. कुणी तो बोलून दाखवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागव्वा सिलासच्या दारात आली. वस्ती गोळा झाली. पोराचा पाय मोडलेली आई, ती काय करायला आली आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आणि तिनं तेच केलं. दारासमोर उभी राहून तिनं सिलासला शिव्या दिल्या. त्याला, त्याच्या हातांना, त्याच्या वाखाला, केकताडाच्या कुंपणाला. मराठी संपली तेव्हा आपल्या भाषेत दिल्या. दम लागला तेव्हा ओट्यावर बसून थोडा श्वास घेतला. मग म्हणाली, "झालं माझं. आता बाहेर ये."

कडी निघाली. सिलास दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"उद्याच्याला माझा हणमा उतरणार हाय. आमच्यात ओल लागलेली हीर सोडून जात न्हाईत. तवा दोर पायजे."

"मावशे, माझ्या दोराचं नाव काढू नगस."

"का? तुझ्याशिवाय हितं कुणाला येतो दोर? तुझ्या हातात खोट न्हवती. पलीकडं कुणी न्हवतं, ही खोट. मी बसते मुठीला."

"ती मूठ सगुणेची हाय."

नागव्वानं त्याच्याकडं पाहिलं. आता तिच्या आवाजात शिवी नव्हती. "अरं, मेलेल्या माणसाला कामाला लावतोस व्हय? बावीस वरसं फिरवली तिनं मूठ. दमली असंल ती. बसू दे की तिला."

असं म्हणतात, की हे ऐकलं आणि सिलास दारातच खाली बसला आणि रडला. सगुणेला माती दिल्यावर पहिल्यांदा रडला. वस्तीतलं कुणी पुढं झालं नाही, कुणी थांबवलं नाही. नागव्वा तोवर चाकापुढं जाऊन बसली, मूठ दोन-चार वेळा फिरवून पाहिली आणि "करकरतंय, तेल घाला रं कुणी," म्हणाली.

सिलास उठला. तोंड धुतलं. वाखाची जुडी काखेत घेतली, चार तंतू आकड्याला अडकवले आणि पाऊल मागं टाकणार तोच नागव्वा म्हणाली, "थांब. तुमच्यात आधी काय म्हणत्यात न्हवं? वस्तीतल्या बायकांकडनं ऐकलंय मी. मला काय ते येत न्हाई. तू म्हण. मी हां म्हणते."

सिलास तसाच उभा राहिला.  मास्तर गर्दीत होते, त्यांना वाटलं आपण पुढं होऊन म्हणावं, पण ते थांबले.  मग बारीक, चिरक्या आवाजात, जसा पहिल्यांदा बोलणारा माणूस बोलेल तसा तो म्हणाला, "प्रभू... आजच्या दोरापुरतं बळ दे." त्यानं वाख काखेत घट्ट धरला. "उद्याचं... उद्या मागतो."

"हां, दे त्याला," पलीकडून नागव्वा म्हणाली.

आणि सिलास मागं चालू लागला.

आता ह्यापुढचं जे सांगतात ते ऐका. सिलासच्या काखेत वीस हातांपुरताही वाख नव्हता. तो अंगण ओलांडून गेला, वाख संपला नाही. तो देवळापाशी पोचला, वाख संपला नाही. दोर जमिनीला टेकला तर माती लागून पीळ कच्चा राहतो, म्हणून मास्तरांनी पुढं होऊन तो मधेच तळहातावर झेलला. मग वस्तीतल्या बायका आल्या. मग पाण्यावाचून तळमळणारं गाव हळूहळू जमू लागलं, आणि एरवी ज्यांच्या घागरीत ते वरून पाणी ओतायचे त्यांच्याच शेजारी उभं राहून त्यांच्याच हातातला दोर पुढं झेलू लागलं. पाटलाची सून आली. सुतार आला. दोर तुटला तेव्हा हसलेले दोघं-तिघं आले आणि मान खाली घालून उभे राहिले. मधे हातच हात, एका टोकाला नागव्वा, दुसऱ्या टोकाला सिलास.

मागं चालता चालता तो ओढ्याच्या वाटेला लागला. तिथं सगुणेची जागा होती. पाठमोरा चालत होता म्हणून ती जागा आधी त्याला दिसली नाही. तो तिच्या बाजूनं पुढं निघून गेला तेव्हा ती त्याच्या समोर आली. मातीचा लहानसा उंचवटा, त्यावर ठेवलेले चार दगड. तो थांबला नाही. पाऊल पाऊल मागं जात राहिला, आणि ती जागा समोर दिसत राहिली, लहान होत गेली, पण दिसत राहिली. मूठ फिरत होती. ह्या खेपेला त्याला तळव्यात जाणवलं, की पीळ टिकतो आहे. पलीकडं कुणीतरी आहे. दोराच्या टोकाला नागव्वा होती हे तर तो बघतच होता. पण तिच्याही पलीकडं कुणीतरी आहे, असं त्या दिवशी आपल्याला कळलं, असं तो पुढं म्हणायचा. तो कोण, हे विचारलं तर देवळाकडं बोट दाखवायचा आणि कामाला लागायचा.

असे तीन पदर आणि चौथ्यांदा उलटा पीळ. दिवस मावळायच्या आत ऐंशी हात दोर तयार झाला. लिंबाच्या फांदीला बांधला. सिलास लोंबकळला आणि म्हणाला, "मावशे, रीत हाय. दोघांनी धरायचं."

"मी? ह्या वयात?" नागव्वानं सगळ्यांसमोर त्याला पुन्हा एक शिवी दिली, लुगडं खोचलं आणि दोर धरला. फांदी करकरली. दोघं हेलकावले. म्हातारीनं असा काही आरडाओरडा केला की उपाशी-तहानलेली माणसं पोट धरून हसली. सिलासही हसला.

दुसऱ्या सकाळी हणमा उतरला. दोन हात खडक फुटला आणि पाणी आलं, ते कमरेपर्यंत चढलं तेव्हा त्याला वर ओढलं. गाव उठलं नाही. त्या विहिरीवर कुणी कुणाला अडवलं नाही, असं म्हणतात. दोर सगळ्यांच्याच हातून गेला होता, आता कुणी कुणाला काय म्हणणार? तो दोर चाळीस वर्षं चालला. काही म्हणतात साठ.

वडार पुढच्या गावी निघाले तेव्हा तिम्मा गाडीत आडवा होता. सिलास त्याच्या पायांपाशी जाऊन उभा राहिला.  तिम्माच म्हणाला, "बाबा, दोर चांगला वळत जा." आणि हसला.

त्यानंतर सिलासची मूठ कधी रिकामी राहिली नाही. रोज कुणीतरी यायचं. सुरुवातीला शेजारी यायचे. पुढं लांबून माणसं येऊ लागली. ज्यांचं माणूस गेलं होतं ती, ज्यांना झोप लागत नव्हती ती, घरात भांडून निघालेली. सिलास त्यांना काही सांगायचा नाही. विचारायचाही नाही. चाकाकडं बोट दाखवायचा. मग लांब उभं राहून म्हणायचा, "प्रभू, आजच्या दोरापुरतं बळ दे. उद्याचं उद्या मागतो." मूठ धरणाऱ्याला आमेन म्हणता आलं तर तो आमेन म्हणे, नाहीतर नुसतं हां म्हणे. दोन्ही चालायचं. दुपारपर्यंत दोर व्हायचा आणि आलेलं माणूस घरी जायचं. जाताना त्याची चाल जरा बदललेली असे, असं म्हणतात.

म्हातारपणी एकदा मास्तरांनी त्याला विचारलं, "सिलास, आता सगुणेची आठवण कमी झाली असेल."

"न्हाई मास्तर. तेवढीच हाय. तिचा हात हवासा वाटतो. रोज वाटतो."

"मग रोज उठतोस कसा?"

"रोजचं मागतो. रोज मिळतं." मग म्हणाला, "साठवाय मात्र देत न्हाई तो. मी मागून पाहिलं."

सिलास कसा गेला ह्याबद्दल दोन बोलणी आहेत. एक बोलणं असं, की तो देवळात भिंतीला टेकून बसला असताना गेला. पण कोळवणीतल्या म्हाताऱ्या बायका वेगळं सांगतात. तिम्मा लंगडत लंगडत त्या वर्षी गावाला आला होता. हिवाळ्यातली सकाळ. तोच मुठीला बसला होता. सिलास प्रार्थना म्हणून मागं चालू लागला आणि ओढ्यावरून चढलेल्या धुक्यात शिरला. तिम्मा मूठ फिरवत राहिला. दोर ताठ होता, पीळ पडत होता. ऊन वर आलं, धुकं सरलं, तरी दोर ताठच. लोक दोराच्या कडेनं चालत गेले. देवळापुढून गेले, ओढ्याच्या वाटेनं गेले. सगुणेच्या जागेपाशी सिलास आडवा पडला होता, डोळे मिटलेले. त्याच्या हातात टोक नव्हतं. टोक आणखी पुढं गेलेलं होतं, ओढ्याच्या पलीकडं, उजेडात, आणि तिथं ते ताठ होतं. तिम्मा म्हणाला, "थांबू का?" कुणालाच हो म्हणवेना. मग दोर हळूच सैल झाला, कुणी अलगद सोडावा तसा.

खरं-खोटं देव जाणे. सांगणारे असंच सांगतात.

आता कोळवणीत नळ आहेत, विहिरीवर मोटार आहे, दुकानात नायलॉनची दोरी मिळते. केकताडाच्या दोराचं कुणाला काही काम उरलेलं नाही. पण गावात कुणाचं माणूस गेलं, मग ते घर देवळात जाणारं असो की मारुतीला जाणारं, तिसऱ्या सकाळी लोक त्या घरी समजूत घालायला जात नाहीत. वाखाची जुडी आणि चाक घेऊन जातात. अंगणात चाक रोवतात. घरातल्या सगळ्यांत जवळच्या माणसाच्या काखेत जुडी देतात. मुठीला त्या घरचं कुणी बसत नाही; बाहेरचं कुणीतरी बसतं, आणि त्या घराशी ज्याचं बोलणं नसेल त्याला आधी विचारतात. ह्याला तिथं सिलासबाबाची सकाळ म्हणतात. चालणाऱ्यानं प्रार्थना म्हणायची, बसणाऱ्यानं हो म्हणायचं. किती चालायचं ह्याला माप नाही. कुणी ओढ्यापर्यंत जातं, कुणी अंगणातच थांबतं. होईल तेवढा दोर त्या घरी ठेवतात. कुणी त्याची गाय बांधतं, कुणी पाळणा टांगतं.

गेल्या उन्हाळ्यात एस्तेर नावाच्या बाईचा नवरा गेला. तिसऱ्या सकाळी मुठीला बसली ती पलीकडच्या घरची पार्वती. मधल्या भिंतीच्या भांडणावरून दोघींचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. एस्तेरनं प्रार्थना म्हटली, पार्वती हो म्हणाली. एस्तेर सात पावलं मागं गेली आणि तिथंच थांबली. पुढचं पाऊल उचलेना.  पार्वतीनं मूठ थांबवली, पण सोडली नाही. बराच वेळ ती तशीच धरून बसून राहिली.

मग म्हणाली, "दम खा, एस्तेर. मला काही घाई नाही."

एस्तेरनं डोळे पुसले आणि आठवं पाऊल मागं टाकलं.